खड्ड्यातले पंचेचाळीस हजार बिट

ताशी वीस किलोमीटरने चाललेल्या गाडीचं चाक अर्ध्या मीटरचा खड्डा ओलांडायला सुमारे नव्वद मिलिसेकंद घेतं. अंबरनाथ पूर्वेतून नेवाळीमार्गे काटई नाक्याकडे निघालं की पावसाळ्यात असे खड्डे लागतातच. चालवणाऱ्याला प्रत्येकाचा एक दणका जाणवतो, बाकी काही नाही. त्याच नव्वद मिलिसेकंदांत गाडीच्या आत, एकमेकींभोवती पिळलेल्या दोन बारीक तारांवरून पंचेचाळीस हजार बिट जाऊ शकतात. संदेशांत मोजलं तर साडेतीनशेच्या वर: इंजिन किती फिरतंय, चारही चाकं किती वेगात आहेत, स्टिअरिंग किती अंशांत वळलंय, ब्रेक दाबलाय की नाही.

आता समजा, त्या दणक्याने तारा जोडणाऱ्या एका कपलरमधली एक पिन किंचित हलली आणि परत जागेवर टेकली. मीटरवर एबीएसचा, एअरबॅगचा, स्टिअरिंगचा आणि चेक इंजिनचा असे चार दिवे एकदम लागतात. गाडी मात्र चालू राहते. घरी येऊन इंजिन बंद करून पुन्हा सुरू केलं तर कदाचित एकही दिवा दिसत नाही. दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये स्कॅनर लावला की इंग्रजी ‘यू’ अक्षराने सुरू होणारे दहा-बारा कोड बाहेर पडतात, निरनिराळ्या मॉड्यूलमध्ये, म्हणजे गाडीतल्या छोट्या संगणकांमध्ये, साठलेले. एकाचा अर्थ ‘एबीएसशी संपर्क तुटला’, दुसऱ्याचा ‘इंजिनच्या ईसीएमशी संपर्क तुटला’. इथून पुढे दोन वाटा फुटतात. एक वाट तो दोष शोधण्याची, दुसरी महागडे मॉड्यूल एकामागून एक बदलत बसण्याची. कुठली वाट धरायची हे ठरतं ते या आकड्यांची जाण किती आहे त्यावर, म्हणून ते नीट मांडायला हवेत.

दोन तारांवरच्या या बोलण्याला कॅन म्हणतात. जर्मनीतल्या बॉश कंपनीत १९८३ साली उवे किन्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावर काम सुरू केलं. फेब्रुवारी १९८६ मध्ये डेट्रॉइटला मोटार अभियंत्यांच्या परिषदेत ते जगापुढे आलं, पुढच्याच वर्षी इंटेल आणि फिलिप्सने त्याच्या चिप काढल्या आणि १९९१ च्या मर्सिडीज एस-क्लासमधून ते रस्त्यावर उतरलं. २००० या एका वर्षात जगात अशा दहा कोटींहून अधिक चिप विकल्या गेल्या.

त्याची गरज का पडली हे साध्या गुणाकाराने कळतं. गाडीत तीस मॉड्यूल असतील आणि प्रत्येकाला प्रत्येकाशी स्वतंत्र तारेने जोडायचं ठरवलं तर ४३५ जोड लागतात. मॉड्यूल सत्तर झाले की जोड २,४१५ होतात. प्रत्यक्षात सगळ्यांना सगळ्यांशी बोलावं लागत नाही हे खरं, पण वाढ त्याच चालीने होते, आणि तांब्याचं वजन गाडी आयुष्यभर वाहत राहते. कॅनने हे सगळे जोड दोन तारांवर आणले. आपल्याकडे साध्या हॅचबॅकपर्यंत हे लोण पोचलं त्यात कायद्याचाही हात आहे. एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या मोटारींना एबीएस, १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा, २०२२ पासून पुढच्या दोन्ही सीटना एअरबॅग, असे एकेक नियम येत गेले आणि प्रत्येक नियमामागे कुठला ना कुठला संगणक त्या दोन तारांवर येऊन बसला किंवा आधीच्याचं बोलणं वाढलं.

गाडीच्या मुख्य कॅनचा नेहमीचा वेग सेकंदाला पाच लाख बिट. म्हणजे एका बिटाच्या वाट्याला दोन मायक्रोसेकंद येतात. आठ बाइट माहिती घेऊन जाणारा एक संदेश, त्याच्या पुढे-मागे लागणाऱ्या सगळ्या खुणा धरून, साधारण सव्वाशे बिटांचा होतो. वाहतूक निम्म्या क्षमतेने चालली आहे असं धरलं तरी सेकंदाला दोन हजार संदेश झाले. २०११ च्या जनगणनेत उल्हासनगरची वस्ती पाच लाखांच्या वर, अंबरनाथची अडीच लाखांच्या वर आणि बदलापूरची पावणेदोन लाखांच्या जवळ होती. या तिन्ही शहरांतल्या प्रत्येक माणसाने, तान्ह्या बाळापासून म्हाताऱ्यापर्यंत, एकामागून एक एकेक संदेश त्या तारांवर टाकला तर शेवटच्या माणसाची पाळी आठ मिनिटांच्या आत येऊन गेलेली असेल. इंजिनाच्या फेऱ्यांचा आकडा बहुतेक गाड्यांत दर दहा मिलिसेकंदांनी, सेकंदाला शंभर वेळा सांगितला जातो. अंबरनाथहून कल्याणला पोचायला अर्धा तास लागला तर ती एकच गोष्ट एक लाख ऐंशी हजार वेळा सांगून झालेली असते.

एवढ्या गर्दीत कोणी कोणाला थांबवत नाही आणि कोणी साहेबही नाही, हा भाग मला सगळ्यांत देखणा वाटतो. प्रत्येक संदेशाला एक क्रमांक असतो. जुन्या, अकरा बिटांच्या पद्धतीत असे २,०४८ क्रमांक होतात, एकोणतीस बिटांच्या पद्धतीत त्रेपन्न कोटींच्या वर. दोन मॉड्यूलनी एकाच क्षणी बोलायला सुरुवात केली तर दोघेही आपला क्रमांक बिटाबिटाने तारेवर ठेवतात आणि तारेवर खरोखर काय उमटलं ते ऐकतात. शून्य आणि एक एकाच वेळी ठेवले गेले तर तारेवर शून्यच उमटतो. एक ठेवणाऱ्याला ते कळतं आणि तो त्याच बिटाला गप्प होतो. लहान क्रमांकाचा संदेश पुढे जात राहतो, त्याचा एकही बिट वाया जात नाही. ब्रेकसारख्या तातडीच्या गोष्टींना लहान क्रमांक दिलेले असतात ते याचसाठी.

पण ही पद्धत चालायची तर तारेच्या दोन्ही टोकांना एकाच बिटाच्या वेळात एकमेकांचं ऐकू आलं पाहिजे. तारेतून विजेचा संकेत सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो, म्हणजे एका मीटरला पाच नॅनोसेकंद. बारा डब्यांची लोकल जवळपास अडीचशे मीटर लांब असते. तिच्या पहिल्या डब्यातून शेवटच्या डब्यापर्यंत आणि परत, असे पाचशे मीटर धावायला संकेताला अडीच मायक्रोसेकंद लागतील आणि बिट तर दोनच मायक्रोसेकंदांचा आहे. त्यामुळे गाडीतलं हे जाळं त्याच वेगात अंबरनाथच्या फलाटावर उभ्या असलेल्या एका लोकलमध्येही पसरता येणार नाही. पाच लाख बिटांच्या वेगाला तारेची व्यवहारातली मर्यादा शंभर मीटरच्या आसपास, दहा लाखांच्या वेगाला चाळीस. विजेचा वेगसुद्धा जिथे अपुरा पडतो, अशा हिशेबावर आपली रोजची गाडी चालते.

माणसाला मायक्रोसेकंद कळत नाही, म्हणून काळ ताणून पाहू. एक बिट म्हणजे पूर्ण एक सेकंद असं धरा. मग एक संदेश दोन मिनिटांचा होतो. खरा एक सेकंद जवळजवळ पावणेसहा दिवसांचा होतो. तो खड्डा साडेबारा तास चालतो. गाडीचा खरा एक तास सत्तावन्न वर्षांचा होतो. मेकॅनिकच्या हातातला साधा डिजिटल मीटर सेकंदाला दोन-तीनदा आकडा बदलतो, म्हणजे या ताणलेल्या काळात तो सुमारे दोन दिवसांची सरासरी काढून एक आकडा दाखवतो. कॅनच्या तारा शांत असतात तेव्हा दोन्हींवर अडीच व्होल्ट असतात. शून्य पाठवायचा झाला की एक साडेतीनला चढते, दुसरी दीडला उतरते. मीटरवर मात्र साडेतीन किंवा दीड कधीच दिसत नाही. दिसतात ते २.७ आणि २.३ असे मधले आकडे, दोनएक लाख बिटांची गोळाबेरीज. अर्धा मिलिसेकंद सुटलेली पिन त्या बेरजेत पार विरून जाते. सेकंदाला दहा कोटी नोंदी घेणारा ऑसिलोस्कोप लावला तर एकेका बिटाला दोनशे नोंदी मिळतात आणि चौकोनी असायला हवी ती लाट कुठे वाकडी झाली ते डोळ्यांना दिसतं.

तरी या तारांवर चूक झालीच तर ती पकडली जाते, आणि पकडण्याचं प्रमाण ऐकून माणूस थक्क होतो. प्रत्येक संदेशाच्या शेवटी पंधरा बिटांची पडताळणी असते. पाठवणारा स्वतःचं बोलणं ऐकून ताडून पाहतो. पाच सारखे बिट लागोपाठ आले तर सहावा मुद्दाम उलटा घातला जातो, तो दिसला नाही की ऐकणाऱ्यांना संशय येतो. बॉशच्या मूळ दस्तऐवजातल्या हिशेबाने, बिघडलेल्या सुमारे २,१०० कोटी संदेशांमागे एखादाच सगळ्यांची नजर चुकवून निसटतो. वाईटात वाईट गाडी घेऊ: दर ०.७ सेकंदाला एक संदेश बिघडतो, रोज आठ तास, वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस. वर्षाला बिघडलेले संदेश दीड कोटी होतात. त्या हिशेबाने एक चूक निसटायला सुमारे चौदाशे वर्षं जातील. वालधुनीच्या काठी, अंबरनाथ पूर्वेलाच, शिलाहारांचं शिवमंदिर उभं आहे. त्यातला शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा, मुम्मुणी राजाच्या काळातला. तो कोरला गेला त्या दिवशी ही खिळखिळी गाडी निघाली असती आणि आजवर चालत असती, तरी तिच्या चौदाशे वर्षांपैकी सव्वाचारशेहून जास्त शिल्लक असती.

या आकड्याला नंतर धक्का बसला, तेही सांगायला हवं. संशोधकांच्या लक्षात आलं की तो मुद्दाम घातलेला उलटा बिट आणि पंधरा बिटांची पडताळणी यांच्या सांध्यात एक फट आहे. नेमक्या ठिकाणी दोन बिट बिघडले तर पुढची सगळी रांग एका घराने सरकते आणि पडताळणी फसू शकते. २०१२ मध्ये आलेल्या कॅनच्या नव्या रूपात ती फट बुजवण्यासाठी घातलेल्या बिटांची मोजणीही संदेशात पाठवायची सोय पुढे केली गेली. म्हणून चौदाशे वर्षं हा आकडा ढोबळ आहे. पण गॅरेजसाठी त्यातून निघणारा अर्थ पक्का आहे: कॅन चुकीची माहिती जवळजवळ कधीच पुढे जाऊ देत नाही, त्याऐवजी तो बोलणं तोडतो. मीटरवरचे ते चार दिवे म्हणजे तुटलेलं बोलणं.

तोडण्याचीही रीत ठरलेली आहे. प्रत्येक मॉड्यूल स्वतःच्या चुकांची वही ठेवतो. पाठवताना संदेश फसला की खात्यात आठ वाढतात, नीट गेला की एक कमी होतो. खातं १२७ च्या पुढे गेलं की त्याला हलक्या आवाजात बोलावं लागतं, २५५ च्या पुढे गेलं की तो स्वतःला जाळ्यातून काढून घेतो. याला बस-ऑफ म्हणतात. लागोपाठ बत्तीस वेळा फसलं की हा कडेलोट होतो, आणि बत्तीस प्रयत्नांना सगळे मिळून दहाएक मिलिसेकंद पुरतात. आपला खड्डा नव्वद मिलिसेकंदांचा होता. म्हणजे एका खड्ड्यात एखादा मॉड्यूल कितीदा तरी गप्प होऊ शकतो. परत येण्याची किमान अट अशी: लागोपाठ अकरा शांत बिट, असे १२८ वेळा. एकूण १,४०८ बिट, तीन मिलिसेकंदांपेक्षाही कमी. गाडी दुरुस्त झाल्यासारखी वागते आणि मागे फक्त कोड उरतो.

आता गॅरेजमध्ये येऊ. कोड वाचताना सगळ्यांत जास्त घोटाळा इथे होतो: ‘एबीएसशी संपर्क तुटला’ हा कोड एबीएसने लिहिलेला नसतो. तो लिहितो इंजिनचा ईसीएम, किंवा मीटर, किंवा एअरबॅग. ज्याचं ऐकू आलं नाही त्याचं नाव त्यात असतं, कोणामुळे ऐकू आलं नाही ते नसतं. तीस मॉड्यूलपैकी प्रत्येकाने इतर एकोणतीसांविषयी तक्रार करायची ठरवली तर ८७० निरनिराळ्या तक्रारी होऊ शकतात. चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन त्यांचा तक्ता मनात मांडतो. सगळे एकट्या एबीएसविषयी बोलत असतील आणि तो स्वतः स्कॅनरला उत्तर देत नसेल, तर त्याचा फ्यूज, त्याचं अर्थिंग आणि त्याच्याकडे जाणारी फांदी बघायची. सगळेच सगळ्यांविषयी बोलत असतील तर दोष मधल्या मुख्य तारांत. फ्यूज आणि अर्थिंग आधी, हा क्रम कितीदा सांगितला तरी थोडाच, कारण ज्या मॉड्यूलला वीजच पोचत नाही त्याचं मौन बाहेरून कॅन तुटल्यासारखंच दिसतं.

मग साठ ओहम. कॅनच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो. तो नसेल तर संकेताची लाट टोकावर आपटून परत फिरते आणि पुढच्या बिटांवर चढते. दोन १२० समांतर जोडले की ६० होतात. बॅटरी काढा, थोडं थांबा, स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये सहाव्या आणि चौदाव्या पिनेवर मीटर लावा. ६० आलं तर मुख्य तार टोकापासून टोकापर्यंत अखंड आहे. १२० आलं तर एक टोक तुटलंय. ४० आलं तर कुणीतरी तिसरा रेझिस्टर आणून बसवलाय, चुकीचा मॉड्यूल लावला की असं होतं. शून्याजवळ आलं तर दोन्ही तारा एकमेकींना चिकटल्या आहेत. लाखो बिटांच्या या राज्यात पहिला निवाडा दोन अंकी आकडा करतो, आणि तो काही शे रुपयांच्या मीटरवर दिसतो.

साठ आलं आणि तरीही दिवे लागत असतील तर खरी कसोटी सुरू होते. तीसपैकी प्रत्येक मॉड्यूल चांगला किंवा वाईट असू शकतो असं धरलं तर शक्यता होतात १०७ कोटींच्या वर. पण दोष एकच असेल आणि जाळं मध्ये तोडण्याजोगा जोड मिळाला तर अर्धं जाळं बाजूला करून बघायचं, मग राहिलेल्याचं अर्धं. दोनाचा पाचवा घात बत्तीस, म्हणून तीस मॉड्यूलना पाच फेऱ्या पुरतात. एकेक कपलर काढत गेलं तर तीस. दोष दोन असतील तर मात्र हा सुंदर हिशेब मोडतो आणि ४३५ जोड्या समोर उभ्या राहतात. पाण्यात बसलेल्या गाड्यांत दोष एकटा क्वचितच असतो.

आणि आपल्या भागात पाण्याचाच प्रश्न मोठा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला त्या दिवशी उल्हास नदीने बदलापूरची काय अवस्था केली ते इथल्या लोकांना सांगायला नको. २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकून पडली. रुळांवर गाडी अडकते तिथे सोसायटीच्या आवारातल्या मोटारी कोरड्या राहत नाहीत. पाणी उतरतं, गालिचा वाळतो, गाडी सुरू होते. दाराच्या उंबऱ्याखालून जाणाऱ्या वायरिंगमध्ये मात्र ओल महिनोन्महिने राहते. तांबं हिरवं पडतं, पिना कळकतात, आणि दोष दिवाळीनंतर डोकं वर काढतो. पावसाळ्यात उबेला बोनेटखाली शिरलेले उंदीर तारांची आवरणं कुरतडतात ते वेगळंच. पूर न येताही हे घडतं: कपलरमधल्या ०.६४ मिलिमीटर रुंदीच्या पिना इंजिनच्या थरथरीने काही मायक्रॉन पुढे-मागे घासत राहतात, कथिलाचा मुलामा झिजतो, त्यावर न वाहणारा थर चढतो. केसाच्या जाडीपेक्षाही कमी अंतराची ही हालचाल वर्षानुवर्षं चालते आणि एका खड्ड्यात तिचा निकाल लागतो.

अशा गाडीत नवीन मॉड्यूल बसवला तर कधीकधी दिवे खरोखर जातात, कारण कपलर काढून परत घातला की पिना घासून स्वच्छ होतात. गिऱ्हाइकाने पैसे दिलेले असतात संगणकाचे, बरा झालेला असतो जोड, तोही पुढच्या खड्ड्यांपर्यंत. हे मला मनापासून खटकतं. जुना मॉड्यूल टाकून देण्याआधी तोच कपलर काढून घालून, वायरिंग हाताने हलवत दहा मिनिटं ऑसिलोस्कोप बघावा, एवढं तर प्रत्येक गाडीमालकाने मागावं.

छोट्या गॅरेजची यातली अडचण खरी आहे. नव्या गाड्यांत पाच-सहा वेगळी जाळी असतात आणि सॉकेटच्या मागे त्यांना जोडणारा एक गेटवे बसलेला असतो. सहाव्या-चौदाव्या पिनेवर मिळालेले साठ ओहम फक्त गेटवेपर्यंतच्या तारेविषयी बोलतात, पलीकडच्या जाळ्यांविषयी काहीच सांगत नाहीत. तिथे पोचायला त्या मॉडेलचा वायरिंग डायग्राम लागतो: कुठला जोड कुठल्या खांबात, कुठल्या तारेचा रंग कोणता, १२० ओहमचा रेझिस्टर कुठल्या मॉड्यूलच्या पोटात. २०२२ च्या जुलैत केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली तेव्हा शेतीची अवजारं, मोबाइल आणि घरगुती उपकरणांबरोबर मोटारगाड्यांचंही क्षेत्र तिच्यापुढे ठेवलं, आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला त्यासाठीचं पोर्टल सुरू झालं. त्या हक्कात प्रत्येक मॉडेलचा वायरिंग डायग्राम, टोकाच्या रेझिस्टरांच्या जागांसकट, अंबरनाथ पूर्वेच्या गॅरेजपर्यंत आला पाहिजे. अर्धं जाळं तोडून बघायचं तर ते मध्ये कुठे तुटतं हे आधी कागदावर दिसावं लागतं.